ग्रॅनडा चढावर आहे

१० जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

फोनच करणार होते, पण मागच्या फोनवर आपलं जे झालं ते तुम्हालाही आठवत असेल. पत्राचं बरं असतं. समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, आणि आवाज चढला तरी शेजाऱ्यांना कळत नाही.

तर विषय असा. माझा मुलगा आणि तुमची मुलगी या वसंतात आपल्या दोघींना आठवडाभर दक्षिण स्पेनला घेऊन जाणार आहेत, हे तुमच्या कानावर आलं असेलच. ग्रॅनडा, कॉर्दोबा आणि सेव्हिल अशी तिथे तीन जुनी शहरं आहेत. तिन्हीकडे बोचकी घेऊन नाचायचं नाही, एकच निवडायचं, असं चिरंजीव म्हणतात. आणि कुठलं ते म्हणे "तुम्ही दोघी आया मिळून ठरवा." त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण दोघींनी मिळून अजून काही ठरवलेलं नाही. मुलगा विनोदी आहे हे मला तो शाळेत असल्यापासून माहीत होतं.

माझं मत कॉर्दोबा. तिथे एक प्रचंड जुनी मशीद आहे, पुढे तिच्या पोटातच चर्च बांधलं. आत खांबच खांब, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. कवायतीला मुलं उभी करावीत तसे ते खांब ओळीत उभे आहेत आणि एकही चुळबुळ करत नाही. खेळाची शिक्षिका म्हणून मी जन्मभर जे स्वप्न पाहिलं, ते तिथे कुणीतरी दगडात करून ठेवलंय. शिवाय शहर नदीकाठी आहे. नदीकाठची शहरं चांगली असतात.

होकार कळवा, म्हणजे मुलांना सांगून टाकते.

तुमची,
विहीण


२१ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र आलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना तशीच उभ्याने वाचत सुटले. गिऱ्हाईकाचा चष्मा माझ्याच हातात होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही.

कॉर्दोबा छानच असणार. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच, नसलं तर तुम्ही ते सरळ करून घ्याल. पण एक छोटीशी अडचण झालीय. मी ग्रॅनडा ठरवून बसलेय.

झालं काय, दुकानातला अक्षरं वाचायचा तक्ता पिवळा पडला होता. नवा करून घ्यायचाच होता, म्हटलं आपल्या मनासारखा करू. आता वर मोठ्या अक्षरात 'ग्रॅनडा', त्याखाली 'अलहंब्रा', आणि अगदी तळाला बारीक अक्षरात 'टेकडीवरचा तांबडा राजवाडा, पाठीमागे बर्फाचे डोंगर'. गावातली निम्मी माणसं एक डोळा झाकून हेच वाचतात. आता तर ज्यांना तळाची ओळ दिसत नाही त्यांनाही ती पाठ झालीय, आणि माझी नंबर काढायची पंचाईत. परवा एक आजोबा भिंतीकडे पाठ करून घडाघडा म्हणाले. त्यांना काय नंबर देऊ?

एवढं सगळं झाल्यावर मी जाऊन सपाटीवरचे खांब मोजून आले, तर गावात तोंड कुठे दाखवू?

आणि तुम्हाला टेकडी म्हणजे काय, खेळ! शिट्टी तोंडात धरून धावत वर जाल. दमेन ती मी, खुर्चीत बसून बसून फुगलेली. पण तुमच्या मागून धापा टाकत येईन हो. होकार कळवताय ना?

तुमची,
चष्मेवाली विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तक्त्याचं वाचून हसू आलं. पण तक्त्यासाठी शहर बदलत नाहीत, शहरासाठी तक्ता बदलतात.

ग्रॅनडाबद्दल माझे मुद्दे. राजवाडा टेकडीवर आहे यात विशेष ते काय? राजे लोक खालीही राहत असत. उंचावर राहणाऱ्यांचा माणसांवर विश्वास नसतो, असं आमच्या शाळेतले इतिहासाचे सर म्हणायचे. (ते स्वतः चौथ्या मजल्यावर राहत, म्हणजे त्यांना अनुभव होता.) दुसरं, बर्फाचे डोंगर जवळ म्हणजे गारठा. गारठ्यात तुमचा घसा बसतो, असं सून सांगत होती. तुमचा घसा बसला तर तुमचं व्हायचं कसं?

तिसरं म्हणजे तिथल्या तिकिटावर वेळ छापलेली असते. त्या वेळेला दारात हजर नसाल तर आतल्या महालात सोडत नाहीत. लग्नाच्या दिवशी तुमच्याकडची मंडळी किती वाजता उगवली होती, हे मी काढणार नव्हते.

कॉर्दोबाला लोक घरांच्या अंगणात भिंतभर फुलांच्या कुंड्या लावतात. उभ्या उभ्या बघता येतात. बसूनही बघता येतात.

पुन्हा विचार करा.

तुमची,
विहीण


१४ फेब्रुवारी

विहीणबाई,

काढणार नव्हतात तर काढलंत कशाला?

आता निघालंच आहे तर मीही काढते. आमची मंडळी उशिरा आली, कबूल. पण आल्या आल्या फोटोच्या वेळी शिट्टी कुणी फुंकली? माझ्या माहेरच्या, सासरच्या, चांगल्या घरच्या वयस्कर माणसांना "उंचीप्रमाणे उभे राहा!" असं कुणी खडसावलं? आमचे दीर बिचारे उंच. रांगेच्या टोकाला गेले आणि फोटोत निम्मेच आले. एक कान आणि अर्धी मिशी! जाऊबाईंनी तो फोटो अजून भिंतीला लावलेला नाही. म्हणतात, पाहुणे विचारतात हे कोण डोकावतंय.

मी तेव्हा गिळलं, कारण मुलीकडची. पण म्हणून आता शहरसुद्धा तुमच्याच शिट्टीवर ठरायचं का?

राहू दे. नको ग्रॅनडा, नको कॉर्दोबा. सेव्हिलला जाऊ. ते तुम्हालाही नको आणि मलाही नको, म्हणजे न्याय झाला. तक्ता मी बदलून घेते. 'सेव्हिल' या तीन अक्षरांपलीकडे तिथलं मला काही ठाऊक नाही, एवढ्यात कुणाचा नंबर निघत नाही. पण बघते कसं जमतं ते.

कळावे,
चष्म्याच्या दुकानातून


२३ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

सेव्हिल मान्य. मी हट्टी नाही, हे यावरून दिसून यावं.

तिथली माहिती काढली. रस्त्यांच्या कडेला संत्र्यांची झाडं आहेत. दिसायला सुरेख पण फळं कडू, म्हणजे आपल्याला तिथे परकं वाटायला नको. गावाच्या मधोमध एक उंच मनोरा आहे आणि प्रत्येकजण त्यावर चढतोच, असं लिहिलंय. प्रत्येकजण का चढतो, हे काही कुठे लिहिलेलं नाही. त्याला म्हणे पायऱ्या नाहीत, आतून नुसता चढ गोल गोल वर जातो. पूर्वी माणसं घोड्यावर बसून जायची. हल्ली घोडा मिळतो का, हे तुमच्या मुलीला सहज विचारून ठेवा. मी विचारलं असं सांगू नका.

तसंच उतरायची जागा तळमजल्यावर असली तर बरं. मला तळमजला आवडतो.

दीरांना नमस्कार सांगा. पूर्ण दीरांना.

तुमची,
विहीण


६ मार्च

बाळ,

हे पत्र नवऱ्याला दाखवू नकोस. तुझ्या सासूबाईंबद्दल आहे, पण तक्रार नाही. तक्रार नसलेलं हे पहिलंच, म्हणून नीट वाच.

माझा धंदा तुला माहीतच आहे. दुकानात येणारं प्रत्येक माणूस "मला सगळं स्वच्छ दिसतं" म्हणतच आत येतं आणि काचेच्या दारावर आपटतं. अशी माणसं मी दुरून ओळखते. पण या बाईंच्या बाबतीत माझाच नंबर वाढला होता. बघ हं. आधी नदीकाठ. मग अंगणातली फुलं, ती पण बसून बघायची. मग तळमजला. आणि आता घोडा! अगं, एवढी ताठ बाई घोडा मागते तेव्हा समजावं, गुडघा गेलाय.

आणि मी मेली त्यांना लिहितेय, तुम्हाला टेकडी म्हणजे खेळ! मला वाटलं मला विरोध करायचा म्हणून करताहेत. इतकं वाईट वाटलं की काल एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो खूश होऊन गेला, तो भाग वेगळा.

पण त्यांना विचारायची सोय नाही. तू विचारलंस तर हसतील. त्यांच्या मुलाने विचारलं तर फोन धरून उठाबशा काढून दाखवतील आणि आठवडाभर झोपून राहतील. जन्मभर दुसऱ्यांना "पळा, पळा" म्हणाल्या, आता "मला चालवत नाही" कुठल्या तोंडाने म्हणणार?

मी चौकशी केली. ग्रॅनडाला खालच्या गावातून वर राजवाड्यापर्यंत छोटी बस जाते. म्हणजे चढायची भानगडच नाही. आता बाईंना बसमध्ये कसं बसवायचं एवढंच राहिलं. ते मी बघते. तू फक्त गप्प बस.

आई


८ मार्च

प्रिय विहीणबाई,

एक गुपित सांगते, हसायचं नाही. माझ्या टाचांनी दगा दिलाय. पाय टेकला की कळ मस्तकात जाते. चढ नुसता चित्रात पाहिला तरी रडू येतं.

आता म्हणाल, मग ग्रॅनडा ग्रॅनडा काय लावलं होतंस? वेड, दुसरं काय. पण वर जायला छोटी बस आहे असं कळलं. तुमच्यासारखीला बसने टेकडी चढणं कमीपणाचं वाटेल, ठाऊक आहे मला. तरी माझ्यासाठी एवढं कराल का? आपण दोघी बसने वर जाऊ, सावकाश बघू, जागोजागी बसू. तुम्ही नाही म्हणालात तर सेव्हिल आहेच, कडू संत्री खाऊ.

तुमची,
टाचा गेलेली विहीण


१५ मार्च

अहो विहीणबाई!

हे आधी का नाही सांगितलंत? इतके दिवस मनात ठेवून कुढत बसलात? दुखणं लपवण्यासारखं त्यात काय आहे? वय झालं की काहीतरी दुखायचंच, सरळ सांगून मोकळं व्हावं. दुखणं लपवणारी माणसं मला कळतच नाहीत.

ग्रॅनडा मान्य. बसने जाऊ. तुमच्यासाठी मी बसने येईन, त्यात कमीपणा कसला?

मात्र तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. सोबत कागद जोडलाय. सकाळी उठल्याबरोबर भिंतीला धरून टाचा उचलायच्या, खाली, वर, खाली, वर. मग जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून तेच. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा पायाखाली बाटली घेऊन ती पुढे-मागे फिरवायची. गिऱ्हाईक असेल तेव्हाही फिरवा, त्याला कुठे दिसतंय! टाळाटाळ केलीत तर मला कळेल. मी सुनेला लक्ष ठेवायला सांगितलंय.

काळजी घ्या. घसाही सांभाळा.

तुमची,
विहीण


२९ मार्च

आईंना आणि आईला,

दोघींना एकच पत्र, म्हणजे कुणाला आधी मिळालं यावरून काही व्हायला नको.

ग्रॅनडा ठरलं, वाचून आम्ही दोघांनी घरात उड्या मारल्या. पण तुमचं ठरेपर्यंत इकडे ऑफिसात बाकीच्यांनी वसंतातल्या सगळ्या सुट्ट्या वाटून घेतल्या. हे साहेबांकडे गेले, म्हणाले, "आमच्या आयांना तीनातून एक शहर निवडायला जरा वेळ लागला." साहेब म्हणाले, "मग आता त्यांनाच पाठवा."

आम्ही तेच केलंय. मेच्या पहिल्या आठवड्याची तुम्हा दोघींची तिकिटं काढलीत. लगेच फोन करून रद्द करा म्हणू नका, पैसे परत मिळत नाहीत. शेजारशेजारच्या दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर. मध्ये एक दार आहे. त्याला दोन्ही बाजूंनी कडी आहे, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

तुमची,
सून आणि मुलगी


ग्रॅनडा, ४ मे

बाळ,

पोचलो. विमानतळावरच तुझ्या सासूबाईंनी मोठ्याने जाहीर केलं, "यांच्या टाचा गेल्यात!" आणि चाकाची खुर्ची मागवली. मी "नको हो, नको हो" म्हणतेय तोवर मला त्यात कोंबून पट्टासुद्धा लावला. एक तरणाताठा मुलगा मला ढकलत पळतोय, आणि शेजारून बाई त्या गुडघ्याने लंगडत येताहेत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं कळ आली. त्यांनी त्या मुलाला आणखी जोरात ढकलायला सांगितलं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण त्यांनी माझी पिशवीसुद्धा मला धरू दिली नाही गं. उद्या राजवाडा.

आई


५ मे, दुपार
(मधल्या दाराखालून)

विहीणबाई,

मी बोलणार नाही, म्हणून लिहितेय.

मला जे दिसलं ते असं. सकाळी बसमधून उतरलो. तुम्ही म्हणालात, "हात द्या हो, टाच ठणकतेय." मी दिला. तो तांबडा किल्ला समोर आला, बुरुजाकडे बाण दाखवणारी पाटी दिसली, आणि तुम्ही "अगं बाई, अगं बाई!" करत माझा हात सोडून पळालात. विहीणबाई, मी आयुष्यभर पळणारी माणसं पाहिली आहेत. ते पळणं टाचा गेलेल्या बाईचं नव्हतं. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होतात. तुमच्यापुढची कॉलेजातली पोरं बाजूला झाली.

मी खाली तुमच्या पिशवीसकट उभी.

तुमच्या टाचांसाठी मी इतके दिवस जीव पाखडला. विमानात झोपले नाही, तुमचे पाय उंचावर राहावेत म्हणून माझी बॅग तुमच्या पायाखाली दिली. का खोटं बोललात, एवढंच कळवा. दार वाजवू नका.

विहीण


५ मे, थोड्या वेळाने
(त्याच दाराखालून, उलट्या बाजूने)

विहीणबाई,

पळाले, हे खरं. पण त्यात निम्मा दोष तुमच्या व्यायामाचा आहे. रोज टाचा वर-खाली करून करून पोटऱ्या अशा झाल्यात की पायच थांबेनात.

बरं, चेष्टा पुरे. माझ्या टाचा कधी दुखल्याच नाहीत. दुखतं ते तुमचं. तुम्ही घोडा मागितलात तेव्हाच मला समजलं. तुम्ही म्हणणार नव्हतात, म्हणून तुमच्याऐवजी मी म्हटलं. त्यापायी खुर्चीत बसून विमानतळभर माझी वरात निघाली, ती शिक्षा पुरेशी नाही का?

आणि एक सांगू? वर पोचले तेव्हा सगळं शहर पायाखाली होतं. पांढरी घरं, पाठीमागे खरोखरचा बर्फ. तक्त्यावर लिहून घेतलं होतं त्याहून कितीतरी जास्त. आणि तोंडून निघालं, "अहो, बघा!" वळून बघते तर शेजारी एक परकीय जोडपं. इतकं सगळं समोर असताना "बघा" म्हणायला कुणी नाही, म्हणून खाली तुमच्याकडे बघून वेड्यासारखी हात हलवत होते. तुम्ही तोंड फिरवलंत. मग मला बर्फ काही नीट दिसला नाही.

रागवा हवं तेवढं. पण जेवून घ्या.

चष्मेवाली


५ मे, अजूनही दुपारच

चष्मेवाली बाई,

तोंड फिरवलं नव्हतं. डोळे पुसत होते. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेस आणि एवढं दिसलं नाही तुला?

तू वर होतीस तेव्हा मी खाली बाकावर बसले. शेजारी इथलीच एक म्हातारी होती, काळ्या कपड्यातली. तिने माझ्याकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यावर थाप मारली आणि भुवया उडवल्या. मीही माझ्या गुडघ्यावर थाप मारली. तिने उजवा दाखवला, मी डावा. ती त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली, शिव्याच असाव्यात. मग मी म्हटलं, "अहो, दोन वर्षं झाली, मेला जिना चढू देत नाही. पोराकडे जाते तेव्हा गोळ्या खाऊन जाते. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटले की नमस्कार करून जाईपर्यंत मी जागची हलत नाही, मला लंगडताना बघतील म्हणून." ती "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत माझा हात थोपटत राहिली. तिला एक अक्षर कळलं नाही, म्हणून तर सांगता आलं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की पहारेकरी बघायला आला.

परक्या बाईला सांगून टाकलं आणि तू माझ्यासाठी एवढं सोंग काढलंस, तर तुझ्याशी भांडत बसले. तर आता लिहून देते. माझा डावा गुडघा दुखतो. फार दुखतो. मुलांना मी स्वतः सांगेन, तू मध्ये पडू नकोस.

उद्या बुरुजावरून काय काय दिसतं ते मला शेजारी बसून सगळं सांगायचं. बर्फापासून सुरुवात कर. वाटलं तर परवा आगगाडीने कॉर्दोबाला जाऊन येऊ, आणि तुला "तुम्ही" म्हणायचं आता माझ्याच्याने होणार नाही, तूही म्हणू नकोस.

दाराची माझ्या बाजूची कडी काढलीय. तुझ्या बाजूची काढ आणि ताबडतोब ये. या चिठ्ठ्या सरकवायला मघापासून दोनदा खाली बसले. पहिल्यांदा कशीबशी उठले. आता उठता येत नाहीये.